चोवीस काड्यांचा आकाशकंदील

गेल्या दसऱ्याच्या सुमारास मुदत ठेवीचे नूतनीकरण करण्यासाठी एक वयस्कर दांपत्य आमच्या बंगळुरूच्या शाखेत आले होते. टेबलावरच्या पाटीवरील माझे आडनाव वाचून काकूंचा चेहरा उजळला. ठेवीची पावती पर्समध्ये नीट ठेवल्यावर त्यांनी हळूच विचारले, "आपल्याकडच्यासारखा आकाशकंदील इथे कुठे मिळतो हो?" मी म्हणाले, "काकू, आम्ही घरीच करतो." त्यावर त्यांनी जे उत्तर दिले, ते मी निदान पन्नास जणांकडून तरी ऐकले असेल : "तुमचा हात कलेचा असेल. आमचा नाही!"

ग्राहकमित्रहो, माझाही हात कलेचा नाही. शाळेत चित्रकलेच्या तासाला मी काढलेला मोर बाईंना कोंबडा वाटला होता. तरीही आकाशकंदील मला जमतो, कारण त्याला कलेपेक्षा मोजमाप अधिक लागते. काड्या सारख्या लांबीच्या कापल्या आणि सांधे मोजून बांधले, की उरलेले सौंदर्य कागद आणि दिवा मिळून सांभाळतात. हस्तकलेचा श्रीगणेशा करू इच्छिणाऱ्याने म्हणूनच चित्र, भरतकाम किंवा मातीची मूर्ती यांच्या वाटेला जाण्याआधी कंदील करून पाहावा, असे माझे मत आहे. ज्याला रोजकीर्द जुळवता येते, त्याला कंदील जुळवता येतो.

बाजारात कंदील मिळत नाहीत असे मुळीच नाही. मुंबईत माहीमची कंदील गल्ली प्रसिद्धच आहे आणि बंगळुरूतही दिवाळीत चांदणीच्या आकाराचे कागदी दिवे सर्रास दिसतात. परंतु घरपोच मागवलेल्या कंदिलाला चारशे-पाचशे रुपये मोजावे लागतात आणि तो खोक्यातून बाहेर काढण्यापलीकडे मुलांना काही काम उरत नाही. थर्माकोलच्या सजावटीचा तर प्रश्नच मिटला आहे. १ जुलै २०२२ पासून तिच्यावर देशभर बंदी आहे.

साहित्य आणि हिशेब

पूर्वी आमचे बाबा साताऱ्याला बुरुडाकडून बांबूच्या कामट्या आणत आणि ओसरीवर बसून चाकूने तासत. सदनिकेत हा खटाटोप अवघड, आणि नवशिक्याच्या हाती धारदार चाकू देणे त्याहून अवघड. त्यावर मला एक सोपा उपाय सापडला. कबाबासाठी बांबूच्या गोल काड्या मिळतात. त्या ३० सेंटिमीटर लांबीच्या व एकसारख्या जाडीच्या असतात आणि शंभर काड्यांचे पाकीट मला ७० रुपयांना मिळाले. पतंगी कागदाचे दोन रंगांचे दोन-दोन ताव ४० रुपयांना आणि सोनेरी बेगड २० रुपयांना चिक्कपेटच्या फेरीत मिळाली. जाड सुती दोरा आणि खळीसाठी मैदा घरातलाच. एकूण खर्च १३० रुपये.

एका कंदिलाला बारा काड्या लागतात. म्हणजे एका पाकिटात आठ कंदील होऊन चार काड्या उरतात. त्या मी मोडतोडीसाठी 'राखीव निधी' म्हणून बाजूला ठेवते आणि आमची नऊ वर्षांची कन्या हा निधी दरवर्षी पहिल्या अर्ध्या तासातच संपवते. एलईडी दिवा, होल्डर आणि वायर यांचा खर्च वेगळा. परंतु तो एकदाच करायचा असतो.

चौकट

प्रत्येक काडीचे टोकदार टोक छाटून १४ सेंटिमीटरचे दोन तुकडे करावेत. बारा काड्यांचे चोवीस तुकडे होतील. येथे घाई करू नये. एक तुकडा नमुना म्हणून ठेवावा आणि बाकीचे सगळे त्याच्याशीच ताडून पाहावेत. नुकत्याच कापलेल्या तुकड्याशी पुढचा तुकडा ताडला, तर प्रत्येक वेळी केसभर फरक पडतो आणि चोविसाव्या काडीपर्यंत तो फरक अर्ध्या सेंटिमीटरवर जातो. हा अनुभवाचा सल्ला आहे.

आता चार-चार काड्यांचे सहा चौकोन बांधायचे. दोन काड्यांची टोके एकमेकींवर आडवी ठेवावीत, प्रत्येकीचे अर्धा सेंटिमीटर टोक बाहेर राहू द्यावे, फुलीच्या आकारात दोरा चार-पाच वेळा गुंडाळून गाठ मारावी आणि गाठीवर डिंकाचा थेंब सोडावा. सांध्यापासून सांध्यापर्यंतचे अंतर १३ सेंटिमीटर भरले पाहिजे.

चौकोन बांधून होताच लक्षात येईल, की तो हाताने दाबला तर शंकरपाळ्यासारखा तिरपा होतो. त्रिकोणाचे असे होत नाही. तीन काड्या एकदा बांधल्या की त्यांचा आकार कायमचा ठरतो. चार काड्यांचा ठरत नाही. म्हणून प्रत्येक चौकोनाचे दोन्ही कर्ण दोऱ्याने ताणून बांधावेत. दोन्ही दोरे सारख्या लांबीचे, म्हणजे सुमारे १८.४ सेंटिमीटर, असले की चौकोन काटकोनात राहतो. मात्र वरच्या चौकोनाचे कर्णाचे दोरे सर्वात शेवटी, दिवा सोडून झाल्यावर बांधावेत. नाहीतर दिवा आत जाणार कसा?

जोडणीचा क्रम असा. एक चौकोन टेबलावर सपाट ठेवावा. त्याच्या चारही कोपऱ्यांवर एकेक चौकोन कोपऱ्यावर उभा करून बांधावा. हे झाले चार सांधे. उभ्या चौकोनांचे शेजारचे कोपरे एकमेकांना बांधले की आणखी चार. उरलेला सहावा चौकोन वरच्या चार टोकांवर ठेवून बांधला की शेवटचे चार. सहा चौकोनांचे कोपरे चोवीस. ते दोन-दोन जुळून सांधे बारा. मोजल्यावर बारा भरले नाहीत, तर कुठेतरी चूक आहे असे समजावे. हा आपला ताळा!

गंमत अशी, की आपण बांधले सहा चौकोन, पण त्यांच्या मधोमध आठ त्रिकोण आपोआप तयार झालेले दिसतात. भूमितीत या आकृतीची गणना आर्किमिडीजच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेरा घनाकृतींमध्ये होते. कर्णाचे दोरे नसतील तर ही सगळी चौकट ओल्या पंचाला पीळ द्यावा तशी मुरडून आत बसते. अमेरिकेतील विख्यात रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांना या मुरडण्याचे इतके कौतुक वाटले, की त्यांनी त्याला 'जिटरबग' या नाचाचे नाव दिले. आमच्या घरी पहिल्या वर्षी कंदिलाने हा नाच करून दाखवला, तेव्हा मात्र कोणालाही कौतुक वाटले नव्हते. साताऱ्याहून बाबांनी फोनवर विचारले, "कर्ण बांधलेस का?" मी विसरले होते.

खळ, कागद आणि दिवा

खळ करणे सोपे आहे. अर्धी वाटी पाण्यात एक चमचा मैदा गुठळ्या न होता कालवावा आणि मंद आचेवर ढवळत शिजवावा. मिश्रण अर्धपारदर्शक होऊन चमच्याला चिकटू लागले की खळ तयार. ती दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून लागेल तेवढीच करावी. पुस्तके बांधणारे खळीत मोरचूद घालत असत. तो विषारी असल्याने मुलांसोबत काम करताना घालू नये.

त्रिकोणांना एका रंगाचा आणि चार उभ्या चौकोनांना दुसऱ्या रंगाचा कागद लावावा. कागद चौकटीपेक्षा चहूबाजूंनी एक सेंटिमीटर मोठा कापून, कडेला खळ लावून काडीभोवती मुडपावा. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवावा. दिवा वरून सोडता येतो आणि हवा खेळती राहते. काड्यांवर बेगडीच्या पट्ट्या, खालच्या कोपऱ्यांना कागदाच्या झिरमिळ्या. करंज्या लावायच्या की नाहीत, हा ज्याच्या-त्याच्या हौसेचा प्रश्न आहे. मला त्यांवाचूनचा कंदील अधिक देखणा वाटतो. दिवा पाच वॉटचा एलईडी पुरे. जुन्या साठ वॉटच्या दिव्याने कागद तापून करपत असे. पणती किंवा मेणबत्ती तर आत कधीही ठेवू नये.

आता बंगळुरूची खास अडचण. महाराष्ट्रात दिवाळीपर्यंत पावसाने बहुधा निरोप घेतलेला असतो. येथे सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे भर पावसाचे महिने आणि नोव्हेंबरातही आभाळाचा भरवसा नाही. पतंगी कागदाला पाणी लागले की त्याचा रंग सुटतो. बदली होऊन आम्ही येथे आलो, त्या पहिल्याच दिवाळीत नरकचतुर्दशीच्या रात्री सर आली. सकाळी खालच्या मजल्यावरील आजी हातात आजोबांचे पांढरेशुभ्र पंचे घेऊन दारात उभ्या. पंचावर गुलाबी ठिपक्यांची नक्षी उमटली होती! मला कन्नड येत नव्हते, त्यांना मराठी येत नव्हते. त्यांनी एकदा पंचाकडे, एकदा आमच्या लोंबकळणाऱ्या कंदिलाकडे पाहिले आणि त्या हसत सुटल्या. मी पंचे धुऊन देऊ लागले, तर ते त्यांनी देऊ दिले नाही.

तेव्हापासून आमचा कंदील बाल्कनीच्या छताखाली, कठड्यापासून दोन हात आत टांगला जातो आणि आभाळ भरून आले की घरात येतो. जुन्या सुती साडीचा कंदीलही एकदा करून पाहिला. तो पावसात फाटत नाही, हे खरे. पण पतंगी कागदातून पाझरणाऱ्या उजेडाची सर त्याला नाही.

मातीचा किल्ला

कंदील झाल्यावर मुलांना किल्ल्याचे वेध लागतात. बंगळुरूत किल्ला ही कल्पना मुळीच परकी नाही, कारण या शहराचा आरंभच मातीच्या किल्ल्याने झाला. केंपेगौडांनी १५३७ मध्ये येथे बांधलेला कोट मातीचा होता. हैदरअलीने १७६१ मध्ये तो दगडात बांधून काढला आणि त्याचा दिल्ली दरवाजा आजही सिटी मार्केटजवळ पाहता येतो. १६३८ मध्ये विजापूरकरांनी बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. तेव्हा येथील तांबड्या मातीत शिवरायांचा किल्ला उभा करणाऱ्या मुलाने संकोच बाळगण्याचे काहीच कारण नाही.

सदनिकेत वजनाचा विचार मात्र करावा. दगड-विटांऐवजी पुठ्ठ्याची खोकी आणि चुरगळलेली वर्तमानपत्रे यांचा डोंगर रचावा. पातळ चिखलात बुचकळलेले गोणपाट त्यावर पांघरावे आणि ओले असतानाच बोटांनी दाबून कडे, गुहा, पायऱ्या काढाव्यात. खाली जुने प्लायवूड किंवा प्लास्टिकचा कागद हवाच. गाळ बाल्कनीच्या नळीत गेला तर तुंबलेल्या पाण्याची तक्रार सगळ्या इमारतीकडून येते. वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी अळीव किंवा मोहरी पेरली, तर दिवाळीला हिरवळ तयार असते. दिवाळीनंतर माती कुंड्यांत जाते.

आपल्याकडे बाजारात मिळणारे मातीचे मावळे येथे सहज मिळत नाहीत. येथून साठेक किलोमीटरवरील चन्नपट्टणची लाकडी बाहुली त्यांची जागा उत्तम भरून काढते. ही खेळणी परंपरेने काळ्या कुड्याच्या पांढऱ्या लाकडापासून करतात. लेथवर फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवली, की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून त्यावर चढते. मग केवड्याच्या जातीच्या पानाने घासून चकाकी आणतात. आमच्या किल्ल्यावर असे सात गोलमटोल पहारेकरी आहेत. महाराज मात्र साताऱ्याचे. बाबांनी कापसात गुंडाळून, रात्रभर मांडीवर पिशवी धरून बसमधून आणलेले.

गेल्या वर्षी खालच्या आजींचा नातू आमच्याकडे कंदील शिकायला आला. दोन संध्याकाळ आणि एक रविवार खपून त्याने स्वतःचा कंदील पुरा केला. टांगल्यावर तो किंचित डावीकडे कललेला दिसला. आम्ही तो उतरवला, बारा सांधे मोजले, मग पट्टी घेऊन चोवीसही काड्या पुन्हा मोजायला बसलो. अठरावी काडी अर्धा सेंटिमीटर आखूड निघाली. ती बदलू का, असे मी त्याला विचारले. "बेडा," तो म्हणाला, म्हणजे नको. कलता कंदील आपला आहे हे खालून, रस्त्यावरूनही ओळखू येते, असे त्याचे म्हणणे होते.