नांगराच्या कारखान्यातून निघालेलं मासिक

मराठी मासिकांच्या इतिहासातली माझी सर्वात आवडती गोष्ट एका लोखंडी नांगराच्या कारखान्यात सुरू होते. 🙂

१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. घरचा धंदा ठरलेला: नांगर, चरक, लोखंडाचं ओतकाम. त्यांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर (शं.वा.कि.) मात्र चित्रकला शिकलेले. तेही कारखान्यातच आले, पण हातोडा नाही, कुंचला घेऊन. मालाच्या जाहिराती हे त्यांचं काम झालं.

त्यातूनच १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. कारखान्याची माहिती देणारं हे पत्र हळूहळू सर्वांसाठीचं मासिक बनलं आणि पुढे नुसतं ‘किर्लोस्कर’ म्हणून घरोघरी पोचलं. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध त्यात छापून आले. १९३० मध्ये ‘स्त्री’ हे मासिक सुरू झालं, नंतर ‘मनोहर’. शं.वा.कि. स्वतः व्यंगचित्रंही काढायचे. ‘टाकांच्या फेकी’ हा त्यांचा संग्रह.

मला यातलं मोलाचं वाटतं ते हे: पुतण्याने घर सोडलं नाही आणि घरानेही त्याला भट्टीपाशी उभं केलं नाही. धंद्याला जाहिरात हवी होती, त्याला चित्र काढायचं होतं. दोघांची गरज एकाच जागी भागली.

घरच्या धंद्यात मूल रमत नसेल, तर त्याच धंद्यातलं कुठलं काम अजून कुणीच करत नाही, हे आधी शोधा. आणि शं.वा.कि. यांचं आत्मचरित्र ‘शंवाकीय’ मिळालं तर जरूर वाचा.

#मराठीमासिके #किर्लोस्करवाडी