चिंधीपासून सी. एम. सी. : कमाई नेमकी कुठे आहे?

मालेगाव-भिवंडीच्या सायझिंगवाल्यांना सी. एम. सी. ही पांढरी भुकटी नवी नाही. ताण्याच्या सुताला द्यायच्या खळीत ती मिसळतात. स्टार्चची खळ काढायला एन्झाइम लागते, ही मात्र साध्या पाण्याने निघून जाते. कापड छपाईचा रंग, धुण्याची पावडर, टूथपेस्ट, आइस्क्रीम, तेलविहिरींची खोदाई, अशा कितीतरी ठिकाणी हीच भुकटी लागते. बेकरी-मिठाईवाल्या बांधवांसाठी सांगावयाचे तर ती वनस्पतीपासून बनते. जिलेटिनप्रमाणे हाडा-कातड्याची नाही.

तिचे पूर्ण नाव कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज. शोध जर्मनीत १९१८ साली लागला. कापूस, लाकूड, ऊस, केळीचा खांब, या सर्वांत सेल्युलोज असतेच. यावरूनच ‘भुशापासून सोने’ अशा थाटाचे प्रोजेक्ट रिपोर्ट विकणाऱ्यांचे फावते. यंत्रे घ्या, कच्चा माल फुकट, तयार माल आम्ही उचलू, असे सांगितले जाते. घरातला दागिना मोडून अशा कामात उतरण्यापूर्वी हिशेब समजून घ्यावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहोत.

कृती अशी. शुद्ध सेल्युलोज बारीक करून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कालवतात व त्यात कॉस्टिक सोडा मुरवतात. मग मोनोक्लोरोअॅसेटिक अॅसिड किंवा त्याचा सोडियम क्षार घालून साधारण ५० ते ७० अंश सेल्सिअसवर काही तास ठेवतात. उरलेला कॉस्टिक अॅसेटिक अॅसिडने मारतात, पाणी मिसळलेल्या अल्कोहोलने धुतात, वाळवतात, दळतात. नेहमीच्या वापराच्या मालासाठी १०० किलो सेल्युलोजला गणिताने ५० किलो क्षार लागतो. पण काही भाग वाया जातोच, म्हणून प्रत्यक्षात जास्त धरावा. शुद्ध माल सुमारे १३५ किलो होतो. त्याबरोबर किमान २५ किलो मीठही तयार होते, ते धुऊन काढावे लागते.

म्हणजे खर्चाचे ओझे सेल्युलोजवर नसून रसायनांवर व अल्कोहोलवर आहे. वापरलेले अल्कोहोल ऊर्ध्वपातनाने परत मिळवले नाही तर धंदा पहिल्याच महिन्यात बसतो. आणि मोनोक्लोरोअॅसेटिक अॅसिड हे भयंकर विष आहे. पाच-सहा तळहातांएवढ्या कातडीवर सांडले तरी रक्तात उतरून जीव घेऊ शकते. गल्लीतल्या शेडमध्ये पोरांच्या हाती देण्याची ही वस्तू नव्हे. शिवाय सांडपाण्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती हवी, ती वेगळीच.

आता ‘फुकट’ मालाकडे पाहू. उसाच्या चिपाडात सेल्युलोज निम्म्याहून कमीच असते. बाकी लिग्निन वगैरे काढण्यासाठी ते आधी कॉस्टिकमध्ये शिजवून ब्लीच करावे लागते आणि काळे पाणी उरते. त्यातून साखर कारखाने स्वतःच चिपाड जाळून वाफ व वीज करतात, ते फुकट देणार कोण? लाकडाच्या भुशाची गतही तीच. रद्दी कागदात शाई आणि माती असते. कापूस मात्र निराळा. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असते. सरकीवरची आखूड लव, म्हणजे लिंटर, यासाठी उत्तम मानतात. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी सरकी लव न काढताच गाळतात आणि ती लव पेंडीतून जनावरांच्या पोटात जाते.

आमच्या मते आपल्या बांधवांचा खरा वाव इथे आहे. यंत्रमागाच्या गावात सुताचे वेस्ट व कोऱ्या कापडाची कात्रणे ढिगाने निघतात. सुती, पांढरा, कोरडा माल वेगळा केला तर त्याला किंमत येते. सरमिसळ ठेवली तर भंगाराचा भाव. पॉलिएस्टरचा धागा सी. एम. सी. होत नाही, माल पाण्यात विरघळवला की कचरा म्हणून दिसतो. ओळखायची खूण जुनीच: धागा जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी बनतो. मिश्र सुतात दोन्ही खुणा दिसतात, तो बाजूला टाका. तेलकट डागांचा माल घेऊ नका. खळ लागलेले सूत असेल तर ते आधीच सांगून विका.

सी. एम. सी. विकत घेणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. स्वस्त मालात न धुतलेले मीठ भरपूर असते. सायझिंगला तो चालूनही जाईल, पण भाव मिठाचा देऊ नये. अचूक १० ग्रॅम वाळवलेली भुकटी घ्या. चार भाग स्पिरिट व एक भाग पाणी अशा मिश्रणात ती दोन-तीन वेळा ढवळून गाळा. हे काम विस्तवापासून दूर करावे. मीठ निघून जाते, सी. एम. सी. खाली राहते. वाळवून पुन्हा तोला. सात ग्रॅम भरली तर गोणीत तीस टक्के काय होते ते दुकानदाराला विचारा. वापरताना भुकटी फिरत्या पाण्यात हळूहळू भुरभुरावी, एकदम ओतल्यास गुठळ्या होतात. आणि गोणीचे तोंड बांधून ठेवा; पावसाळ्यात ही भुकटी हवेतले पाणी ओढते व वजन वाढते, तेव्हा त्या दिवसांतली खरेदी ओलावा पाहूनच करावी.