बारामती-इंदापूरच्या पोरांना बर्फावरच्या ‘मोनोबॉब’चं मेडल मिळू शकतं का?

बारामती आणि इंदापूर तालुक्यात बर्फ दिसतो तो गोळ्याच्या गाडीवर, नाहीतर रसवंतीत. त्यामुळे इथं हिवाळी ऑलिंपिकचा विषय काढला, तर लोक हसणारच. पण 2024 च्या हिवाळी युवा ऑलिंपिकमध्ये ट्युनिशिया आणि थायलंडच्या खेळाडूंनी ‘मोनोबॉब’ या खेळात रौप्यपदकं जिंकली. या दोन्ही देशांत या खेळाचा बर्फाळ ट्रॅकच नाही. मग हे जमलं कसं?

मोनोबॉब म्हणजे नेमकं काय?

बॉबस्ले म्हणजे बर्फ चढवलेल्या वळणावळणाच्या घसरणीवरून स्लेज खाली नेण्याची शर्यत. या स्लेजला बॉब म्हणतात. त्याला चाकं नसतात, खाली स्टीलच्या पट्ट्या असतात. एरवी एका बॉबमध्ये दोघं किंवा चौघं असतात. मोनोबॉबमध्ये मात्र एकटाच खेळाडू. त्यानंच पळत बॉब ढकलायचा, त्यानंच उडी मारून आत बसायचं आणि त्यानंच तो वळवायचा. ब्रेक लावायचा तो शेवटची रेषा ओलांडल्यावरच. वेग ताशी 100 किलोमीटरच्या पुढं जातो.

जुन्नर-खेडकडच्या घाटातला बैलगाडा आठवा. तिथं एका वेळी एकच बारी सुटते आणि निकाल घड्याळ लावतं. इथंही तसंच. युवा ऑलिंपिकमध्ये प्रत्येकाला दोन फेऱ्या मिळतात. दोन्हीच्या वेळेची बेरीज सगळ्यात कमी, तो जिंकला. फरक कधीकधी सेकंदाच्या शंभराव्या भागाचा असतो.

एकट्याचा बॉब का आणला?

2012 ला इन्सब्रुकच्या पहिल्या हिवाळी युवा ऑलिंपिकमध्ये बॉब दोघांचा होता. 2016 ला लिलेहॅमरपासून तो एकट्याचा झाला. याचा फायदा लहान देशांना झाला. संघ उभा करायची गरज नाही, एक खेळाडू पुरतो. शिवाय या स्पर्धेत सगळ्यांना एकसारखे बॉब मिळतात. त्यामुळे महागडं यंत्र कुणाकडे आहे, हा प्रश्न उरत नाही. 2022 ला बीजिंगमध्ये महिलांचा मोनोबॉब मुख्य हिवाळी ऑलिंपिकमध्येही आला.

2024 ची स्पर्धा दक्षिण कोरियातल्या गँगवॉनला झाली. मुलांमध्ये यजमान देशाच्या सो जे-ह्वाननं सुवर्ण जिंकलं, तर ट्युनिशियाच्या जोनाथन लौरिमीनं रौप्य. मुलींमध्ये थायलंडची ॲग्नीस कँपिओल दुसरी आली. हिवाळी युवा ऑलिंपिकमधलं दोन्ही देशांचं हे पहिलंच पदक. दोघंही प्योंगचांगमधल्या एका खास प्रशिक्षण कार्यक्रमातून घडले. 2018 च्या ऑलिंपिकसाठी बांधलेला ट्रॅक ओस पडू नये आणि बर्फ नसलेल्या देशांतल्या पोरांनाही तो वापरता यावा, असा त्यामागचा विचार होता.

मग आपल्या पोरांचं काय?

मोनोबॉबची सुरुवात म्हणजे स्प्रिंट. पहिल्या पन्नासेक मीटरमध्ये जड बॉबला जितका वेग द्याल, तितका तो पुढं कामी येतो. म्हणून अनेक देश 100 मीटर पळणारे खेळाडू या खेळात आणतात. ढकलण्याचा सराव बर्फाशिवाय, चाकांच्या बॉबवरही होतो. 1988 च्या कॅलगरी ऑलिंपिकला गेलेल्या जमैकाच्या संघानं असाच सराव केला होता. आपल्या शिवा केशवननंही ल्यूज या घसरणीच्या खेळासाठी स्लेजला चाकं लावून हिमालयातल्या रस्त्यांवर सराव केला आणि 1998 ते 2018 दरम्यान सहा हिवाळी ऑलिंपिक गाठली.

म्हणजे निम्मी तयारी बारामती किंवा इंदापूरच्या शाळेच्या मैदानावर होऊ शकते. उरलेली निम्मी मात्र नाही. वळणावर बॉब कसा धरायचा, हे खऱ्या ट्रॅकवरच कळतं. चुकलं तर बॉब उलटतो, त्यामुळे व्हिडिओ बघून हे शिकता येत नाही. आणि भारतात असा एकही ट्रॅक नाही.

ट्युनिशिया, थायलंडनंही ट्रॅक बांधला नव्हता. त्यांची पोरं कोरियातल्या ट्रॅकवर जाऊन शिकली. पुढचं हिवाळी युवा ऑलिंपिक 2028 ला इटलीत आहे. वेगानं पळणारी पोरं आपल्या तालुक्यांत शाळाशाळांत सापडतील. त्यांना हेरून वेळेत बर्फापर्यंत नेणारी योजना मात्र लागेल.