कुरकुरीत व्हायचंय? आधी कोरडं व्हा!

मेसमधली फ्लॉवरची भाजी ताटात तशीच राहते. रात्री घरून फोन येतो, ‘भाजी खाल्लीस ना?’ आपण ‘हो गं आई’ म्हणतो आणि चिप्सचं पाकीट फोडतो. ओळखीचं वाटतंय ना? माझंही हेच चाललं होतं. मग फ्लॅटवरच्या आम्ही चौघींनी पैसे काढून एअर फ्रायर घेतला. म्हटलं, सुटलो एकदाचे!

पहिल्याच संध्याकाळी भज्यांसारखं बेसन भिजवलं, फ्लॉवरचे तुरे त्यात बुडवले, वर चीज भुरभुरलं. पंधरा मिनिटांनी पाहिलं तर पीठ जाळीतून खाली गळलेलं, चीज जळलेलं आणि फ्लॉवर ओलाच. तिघींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू सगळे पैसे मीच बुडवले!

चूक मशीनची नव्हती, माझ्या समजुतीची होती. 2010 मध्ये फिलिप्सने ‘एअरफ्रायर’ आणला आणि नावात ‘फ्राय’ आलं. पण हा खरं तर छोटा ओव्हन. वर कॉइल तापते आणि पंखा गरम हवा जोरात फिरवतो. कढईतलं तेल पातळ पिठाला क्षणात धरून ठेवतं, हवेला ते जमत नाही. शिवाय पाणी 100 अंशांना उकळतं. भाजी वरून ओली असेपर्यंत सगळी उष्णता पाणी उडवण्यातच जाते. खमंग तपकिरी रंग यायला साधारण 140 अंशांच्या पुढे जावं लागतं. म्हणून मंत्र एकच: भाजी कोरडी हवी.

आता आमची जमलेली रेसिपी घ्या. पाव किलो फ्लॉवरचे छोटे तुरे धुऊन फडक्याने अगदी कोरडे करा. 2 चमचे तेल चोळा. मग तिखट, मीठ, चाट मसाला, 2 चमचे कॉर्नफ्लोअर आणि 1 चमचा तांदळाचं पीठ लावा. पाणी अजिबात नको. जाळीत एकाच थरात पसरा, गर्दी केलीत की वाफ धरते. 180 अंशांवर 12 मिनिटं ठेवा, मध्ये एकदा हलवा. चीज शेवटी! तुरे छोट्या स्टीलच्या ताटलीत जवळजवळ ठेवा, 2 क्यूब किसून वर दाबून बसवा, नाहीतर पंखा उडवतो. आणखी 2-3 मिनिटं, बस्स. भेंडी, बेबी कॉर्न, सिमला मिरचीही अशीच होते, फक्त वेळ थोडा कमी-जास्त.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. 1400 वॉटचं मशीन सुमारे 6 अँपिअर करंट घेतं, त्यामुळे ते मोठ्या सॉकेटवरच लावा, इंडक्शनसोबत एका एक्स्टेन्शनवर नको. हॉस्टेलमध्ये असाल तर आधी परवानगी विचारा. आणि तेल वाचलं म्हणून चार-पाच क्यूब चीज घातलंत, तर वाचवलेलं सगळं तिथेच भरून निघेल!

आमच्यातली एक जण पोह्यातला मटारसुद्धा वेचून बाजूला ठेवते. परवा शेवटच्या तुऱ्यासाठी तीच भांडत होती. त्या रात्री फोन आला, तेव्हा मी ‘हो गं आई’ म्हटलं आणि पहिल्यांदाच ते खरं होतं.