जुन्या कॉम्प्युटरला नवे ग्राफिक्स कार्ड : डिस्प्ले गेला म्हणजे कार्ड गेले असे नव्हे

लग्नसराई सुरू झाली की व्हिडिओ शूटिंग आणि मिक्सिंगचा धंदा करणाऱ्यांना दिवसाचे चोवीस तास पुरत नाहीत. पांझरा नदीच्या पलीकडचे देवपूर हा धुळे शहराचा शाळा-कॉलेजांचा आणि वस्तीचा भाग. अशा भागात फोटो स्टुडिओ, झेरॉक्स, लग्नपत्रिका व फ्लेक्सच्या डिझाइनची कामे लहान लहान गाळ्यांतून चालतात. गाळ्यातील सर्वांत मोलाचे यंत्र म्हणजे कॉम्प्युटर, आणि पुष्कळदा तो आठ-दहा वर्षांचा जुना असतो. कॅमेरे मात्र बदलले. आजच्या फोर-के चित्रात जुन्या फुल एचडीच्या चौपट ठिपके असतात. साहजिकच जुना कॉम्प्युटर अडखळू लागतो आणि कोणीतरी सल्ला देतो, ‘ग्राफिक्स कार्ड टाका, मशीन पळू लागेल.’

सल्ला नेहमीच चुकीचा असतो असे नाही. पण तो अर्धवट असतो. कार्ड घेतले, बसवले आणि पडदा काळाच राहिला, तर ऐन हंगामात गिऱ्हाइकाची ऑर्डर अडकते, बयाणा परत करावा लागतो आणि भांडवल कार्डात गुंतून पडते. म्हणून हा विषय व्यापाराच्या अंगाने नीट समजून घेणे जरूर आहे.

साध्या साधनांतून मोठे काम काढण्याची कला आपल्या मुलखाला नवी नाही. धुळ्यापासून पन्नासेक किलोमीटरवरील मालेगावात नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ तयार केला. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’साठी हिरव्या कापडापुढे नट उभा करून मागचे दृश्य कॉम्प्युटरवर बदलण्याची युक्ती त्यांनी वापरली. २००८ च्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात ती धडपड पाहायला मिळते. साधन साधे असले तरी चालते; ते काय करू शकते आणि काय नाही, हे मालकाला ठाऊक असले पाहिजे.

कार्डाची गरज खरोखर आहे काय?

टॅलीचे हिशेब, झेरॉक्स, कोरल ड्रॉमधील पत्रिका ही कामे मुख्यतः प्रोसेसर आणि रॅमवर चालतात. तेथे मशीन संथ वाटत असेल तर जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी आणि थोडी जादा रॅम घातल्याने अधिक फरक पडतो, तोही कमी खर्चात. व्हिडिओमध्ये रंग सुधारणे, इफेक्ट देणे आणि शेवटी फाइल तयार करणे, म्हणजे रेंडर, यात मात्र कार्डाचा खरा उपयोग होतो.

येथेही एक गोम आहे. फाइल वेगाने तयार करण्यासाठी कार्डात एन्कोडर नावाचा वेगळा विभाग असावा लागतो. एनव्हिडियाच्या जीटी १०३० मध्ये तो नाही. एएमडीच्या २०२२ साली आलेल्या आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी या कार्डांतही नाही. उलट इंटेलच्या २०११ नंतरच्या पुष्कळ प्रोसेसरांत ही सोय आतच असते. काही बोर्डांवर नवे कार्ड बसवताच आतले ग्राफिक्स आपोआप बंद होते. मग होते असे, की पैसे खर्चून कार्ड घातले आणि रेंडरला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागू लागला. अशा वेळी बायोसमध्ये जाऊन आतले ग्राफिक्स पुन्हा चालू करता येते काय, ते पाहावे.

खरेदीपूर्वी पाच गोष्टी तपासा

पहिली गोष्ट स्लॉटची. २००४ पासून बाजारात आलेल्या बोर्डांवर पीसीआय एक्सप्रेसचा लांब स्लॉट असतो. त्याआधीच्या एजीपी स्लॉटमध्ये आजचे कार्ड बसतच नाही. पीसीआय एक्सप्रेसच्या पिढ्या एकमेकींशी जुळतात, त्यामुळे नवे कार्ड जुन्या स्लॉटमध्ये बहुधा चालते. पण वेग स्लॉटचाच मिळतो. वर सांगितलेली आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी ही कार्डे फक्त चार लेन वापरतात. दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये त्यांची ये-जा मूळ क्षमतेच्या पाव हिश्श्यावर येते.

दुसरी गोष्ट पॉवर सप्लायची, ज्याला मेकॅनिक एसएमपीएस म्हणतात. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. सहा पिनची जोडणी आणखी ७५ आणि आठ पिनची १५० वॉट देते. एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट छापलेले असते, त्यावर जाऊ नये. लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि त्याला १२ ने गुणावे. १६ अँपिअर असतील तर १९२ वॉट झाले. त्यातच प्रोसेसर, पंखे आणि हार्ड डिस्क यांचेही भागवायचे असते.

तिसरी गोष्ट कॅबिनेटची. बँका व कंपन्यांतून निघालेले ब्रँडेड जुने कॉम्प्युटर स्वस्तात मिळतात. पण त्यांपैकी बारीक अंगाच्या मशीनमध्ये पूर्ण उंचीचे कार्ड मावत नाही, त्यांचा एसएमपीएस लहान असतो आणि त्याची पिन वेगळी असल्याने बाजारातला साधा एसएमपीएस जोडता येत नाही. अशा मशीनसाठी कमी उंचीचे आणि स्लॉटच्याच विजेवर चालणारे कार्ड घ्यावे.

चौथी गोष्ट मॉनिटरची. २०१६ नंतरच्या एनव्हिडिया कार्डांतून जुना व्हीजीए सिग्नल निघत नाही. मॉनिटर व्हीजीएचाच असेल तर आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. नुसती पिन बदलणारा स्वस्त जोड चालत नाही.

पाचवी गोष्ट विंडोजची. एनव्हिडियाने ३२ बिट विंडोजसाठी नवे ड्रायव्हर देणे २०१८ मध्ये आणि विंडोज ७ साठी २०२१ मध्ये थांबवले. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबाही मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. जुन्या विंडोजवर नवे कार्ड म्हणजे चावी नसलेले कुलूप.

डिस्प्ले येत नाही, आता काय?

समजा, देवपुरातील एका मिक्सिंगवाल्याने कार्ड बसवले. बटण दाबले, पंखे फिरले, पण पडदा काळा. दुकानदार म्हणतो कार्ड चांगले आहे, मेकॅनिक म्हणतो मदरबोर्ड गेला. दोघांच्या मध्ये मालक अडकतो. येथे घाई न करता एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक वेळी निकाल पाहायचा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

प्रथम केबल पाहावी. कार्ड बसल्यावर मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या जागी न ठेवता कार्डाला जोडावी लागते. ही क्षुल्लक वाटणारी चूक फार जणांकडून होते. त्यानंतर वीज बंद करून, प्लग काढून कार्ड बाहेर घ्यावे, त्याच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने पुसाव्यात, स्लॉटमधली धूळ काढावी आणि ‘कट’ असा आवाज येईपर्यंत कार्ड पुन्हा दाबून बसवावे. जादा पिन असल्यास ती जोडली आहे ना, हेही पाहावे.

मग जुन्या स्थितीवर या. कार्ड काढून आतल्या ग्राफिक्सवर डिस्प्ले आला, तर मदरबोर्ड जिवंत आहे. तेच कार्ड दुसऱ्या चांगल्या मशीनमध्ये चालले, तर कार्डही जिवंत आहे. या दोन चाचण्यांतच दुकानदार आणि मेकॅनिक यांच्यातला वाद मिटतो. उरतात ते एसएमपीएस आणि बायोस.

बोर्डावर छोटा स्पीकर असेल तर त्याचे ऐकावे. अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या म्हणजे ग्राफिक्सचा दोष. एएमआय बायोसमध्ये आठ आखूड शिट्ट्या म्हणजे ग्राफिक्सच्या मेमरीची अडचण.

एसएमपीएस तपासायला मल्टिमीटर पुरतो. पिवळ्या आणि काळ्या तारेत ११.४ ते १२.६ व्होल्ट यायला हवेत. कार्डावर भार पडला की आकडा याखाली घसरत असेल, तर दोष एसएमपीएसचा. जुन्या हार्ड डिस्कच्या एकाच पिनमधून जोड काढून कार्डाला वीज देण्याचा जुगाड करू नये. तार तापून वितळण्याचा धोका असतो.

बायोसचा दोष निराळा. जुन्या पद्धतीच्या बायोसवर काही नवी कार्डे उठतच नाहीत. याउलट विंडोज ८ च्या काळापासून आलेल्या मशीनमध्ये सिक्युअर बूट चालू असेल तर जुने सेकंडहँड कार्ड डिस्प्ले देत नाही. आतल्या ग्राफिक्सवर मशीन चालू करून बायोसमध्ये सीएसएम नावाची सोय चालू केल्यास हे दुसरे दुखणे बरेचदा सुटते. सेटिंग बिघडली तर बोर्डावरील सीआर २०३२ सेल काही मिनिटे काढून पुन्हा बसवावा. बायोस अपडेट करायचाच झाला तर यूपीएसशिवाय करू नये. मध्येच वीज गेली तर चांगला बोर्ड निकामी होतो, आणि उन्हाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो.

डिस्प्ले येतो, पण काम मध्येच थांबते

मशीन सुरू होते आणि रेंडर लावताच झटक्यात बंद पडते, तर बहुधा वीज कमी पडते आहे. दहा-पंधरा मिनिटे चालून मग पडदा फुटू लागतो, रंगीत चौकोन दिसतात, तर उष्णतेचा संशय घ्यावा. खानदेशात मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. पत्र्याच्या गाळ्यात त्याहून जास्त. कार्डाचा पंखा आणि जाळी साफ करावी, कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नये. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तपासून घ्यावे. त्यावाचून कार्ड आणि मॉनिटर दोन्हींना धोका आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३ दिसला तर जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नवा टाकून पाहावा. तरीही तोच कोड आला तर कार्डाविषयी शंका घ्यायला जागा आहे.

सेकंडहँड बाजारातील सावधगिरी

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे कार्डावरील मायनिंग बंद झाले आणि रात्रंदिवस राबलेली पुष्कळ कार्डे विक्रीला आली. काही ठिकाणी जुन्या कार्डात फेरफार करून त्यावर नव्या मॉडेलचे नाव चढवलेले असते. जीपीयू-झेड हा फुकट मिळणारा प्रोग्राम अशी बरीच बनावट कार्डे ओळखतो. एकाच नावातही फरक असतो. जीटी १०३० ची डीडीआर ४ मेमरीची आवृत्ती जीडीडीआर ५ च्या आवृत्तीपेक्षा बरीच मंद आहे. खोक्यावरचे नाव वाचून थांबू नये, मेमरीचा प्रकारही वाचावा. पक्के बिल घ्यावे, त्यावर कार्डाचा सिरियल नंबर लिहून घ्यावा आणि न जुळल्यास बदलून देण्याची मुदत आधीच ठरवावी.

हिशेब असा मांडा

कार्डाची किंमत म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. नवा एसएमपीएस, कन्व्हर्टर, नवी विंडोज आणि बंद पडलेल्या दिवसांचे काम हे सगळे एका कागदावर लिहावे. बेरीज चांगल्या वापरलेल्या पूर्ण मशीनच्या जवळ गेली, तर जुन्यात पैसे घालू नयेत. जुने मशीन बिलिंगला किंवा मुलांच्या अभ्यासाला लावावे. बेरीज कमी आली, तर आधी एसएमपीएस बदलावा आणि कार्ड शेवटी घ्यावे. चांगला एसएमपीएस पुढच्या मशीनलाही उपयोगी पडतो, चुकीचे कार्ड मात्र कपाटात पडून राहते.

हे काम हंगाम संपल्यावर, हातात ऑर्डर नसताना करावे. आदल्या दिवशी सर्व कामांची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. कार्ड घालण्याआधी पाच मिनिटांची एक क्लिप रेंडर करून लागलेला वेळ लिहून ठेवावा, आणि कार्ड घातल्यावर तीच क्लिप पुन्हा रेंडर करावी. वाचलेली मिनिटे महिन्याच्या ऑर्डरींनी गुणली की पैसे वसूल होणार की नाही, हे ज्याचे त्याला कळेल.