समुद्रकाठची जागा आणि पाडण्याची नोटीस

आपला कोरेगाव तालुका समुद्रापासून कोसो दूर. वसनाकाठच्या माणसाला भरतीरेषेचे काय? पण मुंबईला नोकरी करणारी आपलीच मुले कोकणात दोन गुंठे घेऊन घर बांधू पाहतात, म्हणून हे लिहिणे.

१९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामांवर केंद्र सरकारने निर्बंध घातले. पाडण्याचा हुकूम आला की मालक कोर्टात जातो. स्थगिती मिळते, वर्षे जातात, आणि घर वाचले असे वाटू लागते. अलिबागजवळ किहीमचा नीरव मोदीचा बंगला मार्च २०१९ मध्ये सुरुंग लावून पाडला. त्यात आपल्याला हळहळ वाटायचे कारण नाही. पण केरळात मरडूला चार मोठ्या इमारती ग्रामपंचायतीच्या परवान्यावर उभ्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ८ मे २०१९ रोजी त्या पाडायला सांगितले. जानेवारी २०२० मध्ये त्या जमीनदोस्त झाल्या. घरे घेणारी साधी कुटुंबे रस्त्यावर आली. त्यांना प्रत्येकी २५ लाखांची अंतरिम भरपाई ठरली, एवढेच.

नोटीस आली तर ती घडी घालून फडताळात ठेवू नका. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाप्रमाणे नोटिशीला १५ दिवसांची मुदत, मग सुनावणी, आणि अंतिम हुकुमानंतर आणखी १५ दिवस मिळायला हवेत. रस्त्यावरच्या वा नदीलगतच्या अनधिकृत बांधकामाला मात्र हे संरक्षण नाही. ओढ्यात गोठा सरकवणाऱ्यांनीही हे ऐकावे.

विसार देण्यापूर्वी सातबारा पाहताच. किनारा व्यवस्थापन नकाशात तो गट कुठे पडतो तेही विचारा. दलाल ते आपणहून सांगत नाही.