फोंतनेच्या चर्चमधला अंधार

फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतातील फोंतने मठाच्या चर्चमध्ये मधल्या दालनाच्या लांब भिंतींत वर एकही खिडकी नाही. कोरलेले राक्षस नाहीत, नक्षी नाही. या सगळ्याचे श्रेय सिस्टर्शियन पंथाचे संत बर्नार यांना देऊन बहुतेक जण मोकळे होतात. १११८ साली मठ स्थापला तो त्यांनीच, आणि ११२५च्या सुमाराच्या एका पत्रात त्यांनी क्लूनी मठाच्या परंपरेतल्या कोरीवकामावर आणि चर्चच्या अवाढव्य उंचीवर कोरडे ओढले होते. शिल्पे का नाहीत, याला एवढे कारण पुरे आहे. अंधाराला ते पुरत नाही. तो मला दगडी छताच्या हिशेबातून आलेला दिसतो.

सलग कमानदार छत भिंतींवर नुसते बसत नाही, त्यांना बाहेर रेटते. छताखालीच खिडक्या फोडल्या की जिथे रेटा झेलायचा तिथेच भिंत दुबळी होते. क्लूनीच्या तिसऱ्या चर्चचे छत सुमारे ३० मीटर उंच होते, खाली खिडक्यांची रांग. बर्नार ते पत्र लिहीत होते त्याच सुमारास, ११२५मध्ये, त्या छताचा काही भाग कोसळला. वेझलेच्या चर्चच्या भिंती आजही बाहेर कललेल्या दिसतात. त्यांना पुढे बाहेरून टेकूकमानी द्याव्या लागल्या. फोंतनेचे काम ११३९मध्ये सुरू झाले. गवंड्यांनी छत १७ मीटरांच्या आसपास ठेवले आणि रेटा घटवणारी टोकदार कमान घेतली. (टोकदार दिसली की गॉथिक म्हणण्याची घाई नको, क्लूनीतही तीच होती.) खरी शक्कल बाजूच्या पडव्यांत आहे. तिथे प्रत्येक गाळ्यावर मुख्य दालनाशी काटकोनात एक आडवे छोटे छत आहे, आणि ही छते ज्या आडव्या भिंतींवर टेकली आहेत त्याच मधल्या छताचा रेटा दोन्हीकडून तोलतात. त्यासाठी पडव्या उंच कराव्या लागल्या आणि वरच्या खिडक्यांची जागा गेली.

यावर कोणी म्हणेल, मंद उजेड ध्यानासाठी मुद्दाम राखला असेल. मग पूर्वेच्या सपाट भिंतीत तीन-तीन खिडक्यांच्या दोन ओळी कशाला? जिथे भिंतीवर रेटा नव्हता तिथे त्यांनी उजेड भरपूर घेतला. त्याच पंथाच्या पोंतिन्यी मठात पुढच्या दोन-तीन दशकांत रेटा ठरावीक जागी नेणाऱ्या फासळ्यांच्या छताबरोबर मधल्या दालनात वर खिडक्याही आल्या. कमी उंची बर्नारांनाही पटणारी होती, हे मान्य. पण त्यांच्या पत्राने पोंतिन्यीच्या खिडक्या अडवल्या नाहीत. पैशाची चणचण हे कारणही टिकत नाही. नॉर्विचचे बिशप एव्हरार्ड फोंतनेला राहायला आले आणि त्यांची संपत्ती या बांधकामाच्या कामी आली. घडीव दगडाचे काम पाहिले तरी हात आखडल्याचे दिसत नाही.

सर्वांत अवघड आक्षेप वेगळाच आहे. लाकडी छत घातले असते तर रेट्याचा प्रश्नच उरला नसता आणि खिडक्या हव्या तितक्या काढता आल्या असत्या. दगडाचा आग्रह ही मात्र निवड होती, आणि तिच्यामागे आगीची धास्ती असणार. चर्चला जिन्याने जोडलेल्या, वरच्या मजल्यावरच्या शयनगृहाचे लाकडी छत जळाले; आज तिथे दिसते ते १५व्या शतकातले आहे. चर्चचे दगडी छत मात्र, ११४७मध्ये पोप युजीन तिसरे यांच्या हस्ते अभिषेक झाला तेव्हापासूनचे, जागेवर आहे.